कमांड-लाइन टूलची टेस्ट आधी लिहायची, पण नेमकी कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोसायटीच्या मेंटेनन्सची सीएसव्ही फाइल वाचून थकबाकीची यादी काढणारं टूल तुम्ही पायथनमध्ये, क्लिक फ्रेमवर्कवर (कमांड-लाइन टूल बांधायची तयार चौकट) लिहिताय. आधी टेस्ट, मग कोड, हे पथ्य पाळताय. साठेक टेस्ट झाल्या आहेत. प्रत्येक टेस्ट सबप्रोसेसने, म्हणजे वेगळा प्रोग्राम म्हणून, अख्खं टूल चालवते, त्यामुळे सगळ्या संपायला दीड मिनिट लागतं. परवा ‘एकूण थकबाकी’ऐवजी ‘एकूण येणे’ असा बदल केला तर तेवीस टेस्ट लाल, म्हणजे नापास झाल्या. क्लिकचा स्वतःचा टेस्ट-रनर (टूल टेस्टच्याच प्रोसेसमध्ये चालवणारा) वापरला की हे सुटेल का, असं तुम्ही विचारलंय.

वेग सुधारेल, एका शब्दावर तेवीस टेस्ट फुटणं थांबणार नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला टेस्ट कशी चालवता त्याचा, दुसरा टेस्टमध्ये काय तपासता त्याचा. रनर बदलून फक्त पहिला बरा होतो. उलट दुसरा बळावतो, कारण टेस्ट लिहिणं स्वस्त झालं की माणूस तशाच आणखी चाळीस लिहून ठेवतो.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. पुढचं सगळं तुमच्यासारख्या टूलला लागू आहे: फाइल आत, हिशोब मधे, मजकूर बाहेर. टूल जर गिट किंवा एफएफएमपेग अशा दुसऱ्या प्रोग्रामला हाका मारत असेल, तर सबप्रोसेसच्या टेस्ट जास्त लागतात आणि त्यांना पर्याय नसतो. टायपर वापरत असाल तर तो क्लिकवरच बांधलेला आहे आणि त्यातही क्लिकसारखाच रनर मिळतो. नुसतं पायथनबरोबर येणारं आर्गपार्स असेल तर मेन फंक्शनला आर्ग्युमेंटची यादी घेऊन एक पूर्णांक परत द्यायला लावा आणि पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलचं कॅपसिस फिक्स्चर (छापलेलं पकडणारी तयार सोय) वापरा. तिथे रनर नाही, पण विचार तोच.

आता मूळ मुद्दा. कमांड-लाइन टूल एकाच वेळी दोघांशी बोलत असतं. एक माणूस, जो स्क्रीनवरची यादी वाचतो. दुसरी स्क्रिप्ट, म्हणजे क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा), पाइपमधली (एकीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या साखळीतली) पुढची कमांड किंवा तुम्हीच लिहिलेली बॅच फाइल. ती एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, ० म्हणजे ठीक) बघते, स्टँडर्ड आउटपुट पुढे ढकलते, ऑप्शनची नावं गृहीत धरते. माणसाला ‘थकबाकी’चं ‘येणे’ झालेलं चालतं. स्क्रिप्टला एक्झिट कोड ० चा १ झालेला चालत नाही. म्हणून स्क्रिप्टशी केलेला करार टेस्टमध्ये घट्ट बांधायचा आणि माणसाशी बोलण्याची भाषा सैल सोडायची. तुमच्या टेस्ट उलट्या आहेत: वाक्यं अक्षरशः जुळवून बघतात, आणि एक्झिट कोड साठपैकी किती टेस्टमध्ये तपासलाय हे एकदा मोजून बघा.

सुरुवात कुठून करायची ते एका टेस्टवर जवळून बघू. नमुन्याची फाइल एवढीच घ्या:

फ्लॅट,देय,भरले
ए-१०१,३५००,३५००
ए-१०२,३५००,२०००
बी-२०३,४२००,०

अपेक्षा अशी: ए-१०२ चे १५००, बी-२०३ चे ४२००, एकूण ५७००, आणि ए-१०१ यादीत नको. (पायथनचं इंट फंक्शन आणि डेसिमल हा अचूक दशांशांचा प्रकार, दोन्ही देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतात, त्यामुळे अशी फाइल खरोखर चालते. बाहेर मात्र आकडे रोमनच पडतील, टेस्टमध्ये तसे लिहा.)

टेस्टमध्ये पायटेस्टचं टीएमपी-पाथ फिक्स्चर (तात्पुरता फोल्डर देणारं) घेऊन त्या फोल्डरात ही फाइल लिहायची. लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट द्यायचं, नाहीतर विंडोजवर वेगळंच काही लिहिलं जाईल. मग क्लिक-टेस्टिंग मॉड्यूलमधला सीएलआय-रनर तयार करून त्याच्या इन्व्होक मेथडला दोन गोष्टी द्यायच्या: तुमचा मुख्य ग्रुप (सगळ्या कमांड ज्याला जोडलेल्या असतात तो) आणि आर्ग्युमेंटची यादी, ज्यात पहिला घटक ‘थकबाकी’ ही कमांड आणि दुसरा फाइलचा पाथ. यादीच द्या, एक सलग स्ट्रिंग देऊ नका. स्ट्रिंग दिलीत तर क्लिक ती शेलसारखी तोडतो, आणि पाथमध्ये स्पेस किंवा विंडोजची उलटी तिरकी रेघ असली की पाथचे तुकडे पडतात.

आता टेस्ट चालवा. कोड अजून शून्य आहे, त्यामुळे लाल येणारच, पण कोणतं लाल येतंय ते वाचणं हे टीडीडीतलं (आधी टेस्ट, मग कोड या पद्धतीतलं) अर्धं काम आहे. पहिल्या वेळी इम्पोर्ट एरर येईल. पायटेस्ट याला ‘फेल’ म्हणत नाही, ‘एरर’ म्हणतो, कारण टेस्ट सुरूच झालेली नसते. रिकामा ग्रुप लिहा. आता एक्झिट कोड २ आणि ‘नो सच कमांड’. हे लाल फ्रेमवर्ककडून आलंय, तुमच्या कोडपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. फाइलचा पाथ घेणारी, पण आत रिकामी कमांड जोडा. आता एक्झिट कोड ० येईल, आउटपुट रिकामं येईल आणि ‘१५००’ सापडत नाही म्हणून टेस्ट पडेल. हे तिसरं लाल खरं. हिशोबाचा कोड इथून पुढे लिहायचा. बरेच जण पहिल्याच लालवर समाधान मानतात आणि एकदम सगळं लिहून टाकतात. मग हिरवं कशामुळे झालं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

याच टेस्टमध्ये एक बारीक सापळा आहे. ‘ए-१०१ आउटपुटमध्ये नाही’ ही अट रिकाम्या आउटपुटवरही पास होते. नकारार्थी अट एकटी कधी ठेवू नका. तिच्या आधी एक्झिट कोड ० आणि किमान एक होकारार्थी अट हवी. आणि एक्झिट कोडच्या अटीपुढे स्वल्पविराम देऊन संदेश म्हणून रिझल्टचं आउटपुट जोडा. नाहीतर टेस्ट पडल्यावर ‘२ बरोबर ० नाही’ एवढंच दिसतं आणि क्लिकने कारण छापलं होतं ते तुमच्यापर्यंत पोचत नाही.

ही झाली बाहेरची टेस्ट. अशा टेस्ट दर कमांडला दोन-तीन पुरतात. हिशोबाची प्रत्येक छटा या दारातून तपासायला गेलात की साठ टेस्ट होतात. बाहेरची टेस्ट लाल असतानाच आत उतरायचं आणि थकबाकी काढणारं साधं फंक्शन टेस्ट आधी लिहून घडवायचं. त्या फंक्शनला क्लिक माहीत नसावं, फाइल माहीत नसावी, आजची तारीख माहीत नसावी. ओळींची यादी, दर आणि तारीख आत, थकबाकीची यादी बाहेर. कमांडच्या फंक्शनमध्ये मग उरतं काय? फाइल वाच, फंक्शनला दे, आलेलं छाप, योग्य कोडने बाहेर पड. दहा-बारा ओळी. कमांडच्या अंगात ‘इफ’ची तिसरी पायरी दिसली की हिशोब बाहेर सांडलाय असं समजा.

आतल्या टेस्ट पायटेस्टच्या पॅरामीटराइझने तक्त्यासारख्या लिहा. तुमच्या टूलला व्याज आहे, तर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज धरून: १५०० रुपये, ३० दिवस, २५.८९. ४२०० रुपये, ३० दिवस, ७२.४९. मुद्दल ०, व्याज ०. दिवस ०, व्याज ०. आणि एक ओळ मुद्दाम काठावरची: ९१२.५० रुपये, १ दिवस. उत्तर बरोब्बर ०.५२५ येतं. डेसिमलची क्वांटाइझ मेथड काही न सांगता वापरलीत तर ती सम आकड्याकडे झुकते आणि ०.५२ देते. सोसायटीच्या खजिनदाराला ०.५३ अपेक्षित असतं. ‘राउंड हाफ अप’ स्पष्ट द्यावं लागतं. फ्लोट, म्हणजे अंदाजे साठवलेले दशांश, वापरत असाल तर आजच थांबवा, पैशाला फ्लोट लावायचा नाही.

असा तक्ता लिहायला बसलं की कोडआधीच प्रश्न उभे राहतात. एखाद्याने देयापेक्षा जास्त भरलं तर उणे थकबाकी दाखवायची की ओळच गाळायची? लीप वर्षात भागाकार ३६५ ने की ३६६ ने? यांची उत्तरं तुम्ही नाही, सोसायटीच्या कमिटीने द्यायची आहेत. तोपर्यंत त्या ओळी कारण लिहून ‘स्किप’ ठेवा, मनाने भरू नका.

आता ज्या भागात क्लिकच्या टेस्ट सर्वात जास्त फसवतात तो भाग: हिरवं चुकीच्या कारणाने होणं. समजा फाइलमध्ये ‘भरले’ रकान्यात ‘नाही’ असा शब्द आहे आणि टूलने एरर देऊन थांबायला हवं. तुम्ही टेस्ट लिहिता: एक्झिट कोड १ हवा. टेस्ट चालवता, कोड लिहिण्याआधीच हिरवी! कारण सीएलआय-रनर न पकडलेली कुठलीही एक्सेप्शन (कोड चालताना उडालेली चूक) गिळतो, रिझल्टमध्ये ठेवतो आणि एक्झिट कोड १ दाखवतो. व्हेरिएबलच्या नावात टायपो असला तरी १, डेसिमलने हात टेकले तरी १. तुमची ‘एरर नीट हाताळली जाते’ ही टेस्ट खरं तर ‘प्रोग्राम कोसळतो’ हे तपासत असते.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही लावायला सांगेन. एक, इन्व्होकला ‘कॅच एक्सेप्शन्स’ फॉल्स द्या. मग अनपेक्षित एक्सेप्शन सरळ टेस्टमध्ये फुटते आणि पूर्ण ट्रेसबॅक दिसतो. व्यवस्थित बाहेर पडणं, म्हणजे सिस्टिम-एक्झिट, तो तरीही नीट हाताळतो. प्रत्येक टेस्टमध्ये हे लिहायला नको म्हणून ‘चालव’ नावाचं चार ओळींचं फिक्स्चर करा आणि रनर सगळीकडे त्याच्यामार्फतच वापरा. दोन, १ हा कोड स्वतःच्या अर्थासाठी वापरूच नका. पायथन कोसळला की १ येतो, क्लिकची साधी एक्सेप्शनही १ देते, वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबलं तरी क्लिक १ च देतो. २ क्लिकने चुकीच्या ऑप्शनसाठी घेतलाय, तो त्याला राहू द्या. ‘फाइलमधली माहिती सदोष’ याला ३ ठेवा: क्लिक-एक्सेप्शनचा एक उपवर्ग करायचा आणि त्यात एक्झिट कोड ३. आता टेस्ट ३ मागते आणि ३ चुकून येत नाही.

थकबाकी सापडली तर वेगळा कोड द्यायचा का, हा चवीचा प्रश्न आहे. ग्रेप काही न सापडल्यास १ देतो आणि खरी चूक झाली तर २. डिफ फरक असल्यास १. ती परंपरा चांगली आहे, पण तुमची यादी क्रॉनमधून जाणार असेल आणि त्या जॉबवर नजर ठेवणारी यंत्रणा असेल, तर ती दर महिन्याला ‘जॉब फेल’ म्हणत राहील. मी ० ठेवेन.

इथेच आणखी एक, अगदी नेहमीची चूक. कमांडच्या फंक्शनमधून ‘रिटर्न ३’ लिहिलं म्हणजे एक्झिट कोड ३ होत नाही. नेहमीच्या पद्धतीने चालताना क्लिक परत आलेली किंमत सोडून देतो आणि ० ने बाहेर पडतो. कॉन्टेक्स्टची एक्झिट मेथड तरी बोलवा किंवा एक्सेप्शन तरी फेका. आणि एक्झिट कोड म्हणून ‘सदोष ओळींची संख्या’ द्यायचा मोह आवरा. युनिक्सवर हा आकडा ० ते २५५ मध्येच मावतो, २५६ सदोष ओळी आल्या की कोड पुन्हा ० होतो.

शब्द बदलला की टेस्ट तुटतात, त्याबद्दल. माणसासाठीच्या आउटपुटमध्ये फक्त माहिती शोधा: फ्लॅट क्रमांक आणि रक्कम एकाच ओळीत आहेत का. ओळ शोधून तिचे स्पेसवर तुकडे करा, मधल्या मोकळ्या जागा मोजू नका. देवनागरीत तर नाहीच: ‘थकबाकी’ची लांबी पायथन ६ सांगतो आणि डोळ्यांना अक्षरं चार दिसतात, त्यामुळे एल-जस्टने (ठरावीक लांबीपर्यंत मोकळ्या जागा भरणारी मेथड) आखलेले रकाने टर्मिनलवर असेही हलतात. यापुढे जाऊन मी एक जेसन (प्रोग्रामला सहज वाचता येणारा ठरावीक साचा) ऑप्शन द्यायला सांगेन. वापरणाऱ्यांनी मागितला नसला तरी. तो आला की बाहेरच्या टेस्ट मजकूर चाळत बसत नाहीत, जेसन उघडतात आणि आकडे तपासतात. ‘येणे’ की ‘थकबाकी’ हा वाद फक्त एका टेस्टपुरता उरतो. जेसन लिहिताना ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स द्या, नाहीतर फ्लॅटचं नाव उलट्या रेघा आणि यू यांच्या रांगेत बाहेर पडेल. जेसन वाचणाऱ्याला ते चालतं, पण डोळ्याने तपासणाऱ्याचे हाल होतात.

जेसनमुळे दुसरा नियम आपोआप लागू होतो: स्टँडर्ड आउटपुटवर फक्त माल, बाकी सगळी बडबड स्टँडर्ड एररवर. ‘३ ओळी वाचल्या’ हे चुकून आउटपुटवर गेलं की पाइपमधली पुढची कमांड मोडते. त्यासाठी टेस्टमध्ये रिझल्टचं ‘आउटपुट’ नको, ‘स्टँडर्ड आउट’ बघा. इथे आवृत्तीचा घोळ आहे. क्लिक ८.१ पर्यंत रनर दोन्ही प्रवाह मिसळायचा आणि वेगळे हवे असतील तर रनर बनवताना ‘मिक्स एसटीडीएरर’ फॉल्स द्यावं लागायचं. ८.२ मध्ये तो पॅरामीटरच काढून टाकला. आता प्रवाह कायम वेगळे मिळतात आणि ‘आउटपुट’ म्हणजे स्क्रीनवर दिसेल तसं एकत्र. जुन्या लेखातून उचललेली ओळ नव्या क्लिकवर टाइप एरर देते ती यामुळेच. त्याच ८.२ मध्ये ग्रुप कुठल्याही कमांडशिवाय चालवला तर मदत छापून कोड ० ऐवजी २ येऊ लागला. एखादी जुनी टेस्ट अपग्रेडनंतर तिथे पडली तर तुमचा कोड शोधत बसू नका. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये क्लिकची किमान आवृत्ती लिहून ठेवा.

आतापर्यंतचं एका दमात: बाहेरच्या थोड्या टेस्ट रनरने, त्यात एक्झिट कोड आणि माहिती, हिशोबाच्या भरपूर टेस्ट थेट फंक्शनवर, १ हा कोड कुणालाच नाही. आता रनर जे दाखवतच नाही त्याकडे वळू.

रनर टेस्टच्याच प्रोसेसमध्ये चालतो. एका टेस्टचं उष्टं दुसरीच्या ताटात येतं. लॉगिंग हा त्यातला नेहमीचा अपराधी. कमांड सुरू होताना लॉगिंगला स्ट्रीम-हँडलर (लॉगच्या ओळी छापणारा) जोडला की तो त्या क्षणीचा स्टँडर्ड एरर धरून बसतो. हा स्टँडर्ड एरर रनरने तात्पुरता लावलेला असतो. टेस्ट संपली, तो बंद झाला, दुसऱ्या टेस्टमध्ये लॉगची ओळ आली की ‘आय-ओ ऑपरेशन ऑन क्लोज्ड फाइल’. एकटी चालवली तर टेस्ट पास, सगळ्यांबरोबर चालवली तर गडबड, असं दिसलं की आधी इथे बघा. त्याऐवजी लॉगिंगचं बेसिक-कॉन्फिग ‘फोर्स’ ट्रू देऊन बोलावलं की दर वेळी जुना हँडलर काढून नवा लागतो.

तारखेचंही तसंच. ऑप्शनच्या डीफॉल्टमध्ये आजची तारीख कंसासकट बोलावलीत तर ती इम्पोर्टच्या वेळी एकदाच ठरते. कंस न लावता फंक्शन द्या, क्लिक ते गरजेच्या वेळी बोलावतो. टेस्टमध्ये मात्र ‘--तारीख’ कायम स्पष्ट द्या. डीफॉल्टवर सोडलेली टेस्ट ३१ तारखेला किंवा रात्री बाराला पडते आणि सकाळी पुन्हा पास होते.

होम फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलला टेस्टने हात लावू नये. टूल जर तिथे दर साठवत असेल, तर टेस्ट चालवताना तुमचीच खरी फाइल पुसली जाते. सेटिंगचा पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेता येईल अशी सोय करा आणि इन्व्होकच्या ‘एन्व्ह’मध्ये टीएमपी-पाथचा पत्ता द्या. तिथेच एखाद्या व्हेरिएबलला ‘नन’ दिलं की तो त्या टेस्टपुरता काढून टाकला जातो, हेही उपयोगी आहे. क्लिकचं स्वतःचं आयसोलेटेड-फाइलसिस्टिम आहे, पण ते चालू फोल्डरच बदलतं आणि काम झालं की सगळं पुसतं. टीएमपी-पाथ शेवटच्या तीन वेळांचे फोल्डर ठेवतो, टेस्ट पडल्यावर आत जाऊन फाइल बघता येते. मी तोच वापरेन.

‘फाइल आहे, पुसून लिहू का?’ असे प्रश्न विचारत असाल तर इन्व्होकच्या ‘इनपुट’मध्ये वाय आणि नवी ओळ द्या. एन ची वेगळी टेस्ट हवी, आणि काहीच न देण्याची तिसरी. इनपुट रिकामं असलं की क्लिक ‘अबॉर्टेड’ म्हणून १ ने बाहेर पडतो. क्रॉनमधून टूल चालवल्यावर होतं ते हेच, म्हणून प्रश्न न विचारणारा एक ऑप्शन लागतोच.

उरल्या सबप्रोसेसच्या टेस्ट. त्या काढून टाकू नका, चारवर आणा. रनर तुमच्या ग्रुपला थेट हाक मारतो. त्यामुळे पायप्रोजेक्ट फाइलमधल्या स्क्रिप्ट्स विभागात फंक्शनचं नाव चुकलं असेल, तर सगळ्या टेस्ट हिरव्या आणि इन्स्टॉल केल्यावर कमांड उघडतच नाही. म्हणून पहिली: इन्स्टॉल केलेली कमांड व्हर्जन ऑप्शनने चालते, कोड ०. दुसरी: वरची तीन ओळींची फाइल, नेहमीचा मार्ग. तिसरी: सदोष फाइल, कोड ३ आणि स्टँडर्ड आउटपुट रिकामं. प्रत्येकीला टाइमआउट द्या. कुठे प्रश्न विचारून टूल थांबलं तर सीआय (टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) रात्रभर लटकत नाही.

चौथी मराठी आउटपुट देणाऱ्या प्रत्येक टूलला हवी. विंडोजवर टूल थेट स्क्रीनवर छापतं तेव्हा मराठी व्यवस्थित दिसतं. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं किंवा पाइपमध्ये टाकलं की बऱ्याच मशिनवर पायथन सीपी-१२५२ हे एन्कोडिंग धरतो, त्यात देवनागरी नाही, आणि युनिकोड-एन्कोड-एरर येऊन टूल पडतं. रनरला हे कधीच दिसणार नाही, त्याचा प्रवाह मुळातच यूटीएफ-८ असतो. सबप्रोसेसमध्ये पायथन-आयओ-एन्कोडिंग हा व्हेरिएबल सीपी-१२५२ करून टूल चालवा, मग लिनक्सवरही तोच एरर हातात येतो. इथे आस्की देऊन बघाल तर काही होणार नाही, कारण आस्की दिसलं की क्लिकचा एको (छापण्याचं फंक्शन) गुपचूप यूटीएफ-८ कडे वळतो. टेस्ट लाल झाली की उपाय एका ओळीचा: प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला स्टँडर्ड आउट यूटीएफ-८ वर रीकॉन्फिगर करा, एररचंही तेच. टेस्टमध्ये सबप्रोसेसचं आउटपुट वाचतानाही एन्कोडिंग यूटीएफ-८ द्यायला विसरू नका.

आत येणाऱ्या बाजूची जोडटेस्ट आतल्या थरात लिहा. एक्सेलने ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवलेल्या फाइलच्या तोंडाशी एक अदृश्य खूण असते. साध्या यूटीएफ-८ ने वाचलं तर पहिल्या रकान्याचं नाव ‘फ्लॅट’ राहत नाही, त्याला ती खूण चिकटते आणि ‘फ्लॅट’ शोधताना की-एरर येतो. प्रिंट करून बघितलं तर नाव बरोबर दिसतं, म्हणून माणूस तासभर चक्रावतो. ‘यूटीएफ-८-सिग’ने वाचा, खूण नसलेली फाइलही त्याला चालते. दुसरी टेस्ट स्वल्पविराम असलेल्या रकमेची, ‘१,२०,०००’ अशी. ती डेसिमलला थेट देता येत नाही.

दीड मिनिटाचं गणितही सांगतो. रिकामा पायथन सुरू व्हायला सेकंदाचा छोटासा भाग लागतो. तुमच्याकडे टेस्टमागे दीड सेकंद जातोय, म्हणजे बहुधा वरच्या ओळीतच पांडाससारखं काहीतरी जड इम्पोर्ट होतंय. पायथनला ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ देऊन टूल चालवा, कोण किती वेळ खातंय ते ओळीने दिसेल. तीन रकान्यांच्या फाइलला पायथनबरोबर येणारं सीएसव्ही मॉड्यूल पुरतं. हा वेळ टेस्टपुरता नाही, टूल वापरणाराही दर वेळी तो भरतोय.

साठ टेस्ट एका बैठकीत हलवू नका. त्यांचे तीन ढिगारे करा. हिशोब तपासणाऱ्या फंक्शनकडे जातील, बहुतेक याच असतील. ऑप्शन, कोड, प्रवाह तपासणाऱ्या रनरकडे. ‘चुकीचा ऑप्शन दिला तर क्लिक ओरडतो’ किंवा ‘मदत छापली जाते’ असल्या टेस्ट सरळ काढा, ते क्लिकचं काम आहे आणि क्लिकवाल्यांनी ते तपासलेलं आहे. जुनी टेस्ट पुसण्याआधी मात्र एक करा: मूळ कोडमध्ये मुद्दाम एक बिघाड घाला, वजाबाकीची बेरीज करा किंवा ३ चा कोड ० करा. नवी टेस्ट लाल झाली तरच जुनी पुसा. दोन्ही हिरव्याच राहिल्या, तर नवी अपुरी आहे आणि जुनीही इतके दिवस नुसती चालत होती.